दोन चाळीसची ओळ

सागरमाळावर, तळघरात, तीन दारांच्या आत
उणे दोनशे एकोणसत्तरला बसले आहे.
म्हणजे मी नाही, स्फटिक.
माझ्या अंगात स्वेटर, त्यावर मगदूम सरांचं जुनं जर्किन.
हेलियम शनिवारपर्यंत.
दस्तगीरमामा म्हणाले, जपून गं, दुधागत उतू जातंय ते.

संध्याकाळी स्फटिक फोडला.
वर चिकटवलेला इवलासा खुंटा,
त्याला आतल्या दांड्यानं एकच टिचकी,
ढेपेला विळा नेमका कुठं लावायचा
हे ठाऊक असलेल्या गुळव्यासारखी.
आवाज ऐकू आला नाही.
एक पृष्ठभाग उघडा पडला, कुणीच कधी न पाहिलेला.
आता तो विटायच्या आत बघायचा.

सुई टंगस्टनची, कॉस्टिक सोड्यात झिजवलेली.
टोकाला एकच अणू असेल, ही आपली आशा.
ती शिवत नाही.
केसाच्या जाडीचा लाखावा भाग अलीकडे थांबते,
आणि मधल्या रिकामपणातून
वीज चोरपावलांनी पलीकडे जाते.

पडद्यावर ओळीमागून ओळ.
रांगा सोमलाच्या की बेरियमच्या
यावर जगात अजून भांडण आहे; सर सोमलवाले.
एक जागा रिकामी, तिथं काळा खड्डा.
लोखंड दिसत नाही. ते खालच्या थरात.
सगळी करामत त्याची, म्हणतात.

आप्पा विचारतात, रातभर करतीस काय?
लोखंड बघते, आप्पा.
लोखंड बघाय एवढं शिकाय लागतंय व्हय?
ये की उद्यमनगरात. लालबुंद दावतो.

दोन चाळीसला ओळ हलली.
उसाची ट्रॉली नव्हे, तिची थरथर लांबत जाते.
ही तुटक.
धप्प. मग दम. मग धप्प.
चहानंतरचा तिसऱ्या पाळीचा घण,
आणि आज घणावर कोण आहे ते मला माहीत आहे.
मनगटाला खोबरेल चोळून गेलेत,
जुन्या पोळल्याच्या डागावर.
सुई तेवढ्यापुरती दचकते,
रांग वाकते, परत सरळ होते.

सर म्हणतील, गोंगाट. गाळून टाक.
एक कळ दाबली की झालं.
दाबली.
निबंधात सरळ रांगाच जातील.

मूळ फाइल मात्र ठेवली आहे वेगळी.
नावात तारीख, तापमान, व्होल्टेज,
शेवटी दोन अक्षरं, यंत्राला नको असलेली.

हेलियमची पातळी बत्तीस.
पुढची ओळ.