चाप्टर एकशे सत्त्याऐंशी

रविवारी साडेआठला चाप्टर येतो.
पावणेनऊला आम्ही तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ,
बाळाप्पाच्या चहागाड्यामागं,
चौघं आणि माझा एकच मोबाईल.
भरमाचा फुटलाय, इर्शादचं नेट संपलंय,
आणि महांतेशला एकट्यानं वाचायला भ्या वाटतं.
हे तो कबूल करणार नाही.

पानं उजवीकडून डावीकडं वाचायची.
पहिल्या वर्षी मी सगळी उलटी वाचलो.
मेलेली माणसं उठून बसायची,
बाण छातीतनं निघून धनुष्याकडं परत जायचे.
इर्शादला मात्र शिकवावंच लागलं नाही.
'आमचं असंच असतंय की,' म्हणाला,
उर्दू शाळेतला.

(मी 'वाचलो' म्हणतो. मुलगी आहे.
पुण्याची मावसबहीण हसते:
वाचलो म्हणजे जीव वाचला, गं.
असू दे. तेही झालंय त्या वर्षी.)

तर, कासवाच्या पाठीवर एक गाव आहे.
कासव चालतं, म्हणून गाव कुठल्याच राजाचं नाही.
दोन्ही राजांचे वसुलीवाले
होड्यांतून मागं लागलेले.
आणि गेन्झो, एका हाताचा नावाडी,
तिसऱ्या चाप्टरपासून वल्हं मारतोय.

आज त्याचा कंदील विझला.
विझायच्या आधी त्यानं पोरीच्या ओंजळीत
कासवाचं अंडं ठेवलं
आणि एकच शब्द बोलला: इनफ.
मग अख्खं पान काळं.

'मेला,' महांतेश म्हणाला.
'न्हाई.' भरमा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे.
'साच्यात ओतलेलं बीड वरनं काळंच पडतंय.
हात लावून बग की. रात्रभर आत लाल असतंय.'
त्यानं मनगटावरचा डाग दाखवला.
डागाशी कोण वाद घालणार?

भरमाला इंग्रजी येत नाही,
फुगे मी त्याला मराठीत वाचून दाखवतो.
म्हटलो, 'पुरे.'
'कुणाला पुरे? पोरीला, राजांना, का जगणं पुरे?'
इर्शाद म्हणाला, 'बस. बस बोला वो.'
'म्हंजे खाली बस? बुडणाऱ्या होडीत?'
चहा नाकात गेला माझ्या.

तेवढ्यात गेट पडलं, मालगाडी आली.
महांतेश नेहमी डबे मोजतो.
आज मोजला नाही.
शेवटचा डबा गेल्यावर म्हणाला,
'कन्नडात साकु.
साकु म्हंजे पुरे.
खरं साकु म्हंजे पाळ, वाढीव, असं पण होतंय.'
आणि ग्लासात बघत,
'मला अत्तीनं साकलंय.'
चार वर्षांत पहिल्यांदा बोलला हे.

मग अंड्याकडं पुन्हा बघितलं आम्ही,
बोटांनी मोठं करून.
कवचावर एक बारीक रेघ होती.
तडा, का स्क्रीनवरचा ओरखडा?
पुसून बघितलो. कळलं नाही.

मूळ जपानीत काय असेल कुणास ठाऊक.
ज्यानं इंग्रजी केलं, तो पण कुठल्यातरी गेटाजवळ
दोन अर्थांच्या मधे ताटकळला असेल,
शिफ्टची वेळ झाली म्हणून
एक उचलला असेल.

खाली बारीक अक्षरात:
पुढल्या आठवड्यात लेखक सुट्टीवर.
इर्शादनं शिवी दिली.
चहाचे पैसे भरमानं दिले, नाईटला गेला.

रात्री दोनला फोन, अनोळखी नंबर.
मागं भट्टीचा आवाज.
'फोरमनच्या फोनवरनं बोलतोय. ते अंडं भिजलंय न्हवं?'
'भिजलंय.'
'कंदील तर गेला. मग ऊब कुठली त्याला?'
मी झोपेतच म्हटलो,
'पोरीनं छातीशी धरलंय. शेवटून तिसरी चौकट.'
'व्हय? मग ऱ्हाऊ दे,' म्हणाला, ठेवला.

नंतर मीच उघडून बघितलो.
शेवटून तिसऱ्या चौकटीत
नुसतं पाणी आहे.
पोरीचे हात चौकटीबाहेर.