केरसुणी, नग एक

तीस वर्षं नाकानं नोकरी केली मी.
भोसरीच्या डेपोत बस फाटकातून आत वळली
की बसल्या जागी सांगायचो :
इंजेक्टर गळतोय, क्लच जळालाय,
ड्रायव्हरच्या डब्यात आज लसणाची चटणी आहे.
नाक म्हणजे अर्धा टूलबॉक्स,
असं आमचे वस्ताद ढमढेरे म्हणायचे
आणि तपकीर ओढायचे.

आता ही पांढरी बस.
एकच. चाचणीपुरती.
टपावर नळकांडी, त्यांत साडेतीनशे बारनं
दाबून कोंबलेलं
जगातलं सगळ्यात हलकं काहीतरी.

मृण्मयी टिळेकर मॅडम, वय सव्वीस,
फळ्यावर एक वर्तुळ काढून म्हणाल्या,
याला रंग नाही, वास नाही.
मी म्हटलं, मग घरच्या गॅससारखा
थोडा वास मिसळा की.
त्या म्हणाल्या, मिसळला तर फ्युएल सेलला
विष होतं ते, काका.
एवढं सोवळं मी आत्याच्या देवघरातसुद्धा
पाहिलं नव्हतं.

आणि ज्योत?
भर उन्हात दिसत नाही.
तुम्ही चालत जाल सरळ तिच्यात.
मग हसून त्यांनी जुना उपाय सांगितला :
केरसुणी पुढे धरून चालायचं.
काड्या पेटल्या, तिथं आग.

याकूब बुरूड आळीतून घेऊन आला, शिंदीची, चांगली जाड.
बिल परत आलं, वर लाल शाई :
हायड्रोजनसाठी केरसुणी? खुलासा करावा.
खुलासा चार पानांचा झाला.

गॅस येतो घाट चढून, डिझेलच्या ट्रकवर.
एवढं धूड, आणि आत माल
तीनेकशे किलो. बाकी सगळं लोखंड.
तो फाटकाशी वळला की माझं नाक
झोपेतून उठतं :
याचा इंजेक्टर गळतोय.
कुणाला सांगू?

लोखंडाचंही ऐका.
हा त्याच्यात शिरतो, गुपचूप, आणि आतून ठिसूळ करत जातो.
वरून चकचकीत बोल्ट,
पान्याखाली खारीसारखा तुटतो.
मागच्या महिन्यात कॉम्प्रेसर बसला.
सुटा भाग बाहेरून यायचा होता.
अकरा दिवस पांढरी बस झाकून उभी,
तिच्या फेऱ्या त्या जुन्या खोकणाऱ्या गाडीनं मारल्या,
तक्रार न करता.
किलोला काय पडतं, विचारलं तर
मॅडम पाण्याची बाटली उघडतात.

पण चालते तेव्हा!
निगडीच्या चढावर आवाज नाही,
मागे फक्त थेंब.
ओंजळ धरली मी, हुंगली.
काहीच नाही.
तीस वर्षांत पहिल्यांदा
हाताला काहीच वास नव्हता.

त्या संध्याकाळी घरी गेलो,
चपला काढल्या, खुर्चीत बसलो.
बऱ्याच वेळानं ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, दचकली :
अगं बाई, कधी आलात?
दारातून वास आला की
चहा टाकायची ती, इतकी वर्षं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला
डेपोतल्या त्या केरसुणीला मी हळदकुंकू वाहिलं.
मॅडमनी फोटो काढला, अहवालात घातला नाही.

दर सोमवारी, दुपारी बाराला,
पंपाभोवती फिरतो, ती पुढे धरून,
एखाद्या आंधळ्यासारखा.
अजून पेटलेली नाही.
तरी झिजत चाललीय,
म्हणून परवा लवकर आलो, पाहिलं :
याकूब तिनंच शेड झाडत होता.
ओरडणार होतो.
मग पाय उचलून बाकावर घेतले,
म्हटलं, इथलंही काढ थोडं.