एकशे छत्तीस सेकंद

ओगल्लालाच्या कॅम्पग्राऊंडवर, सतरा नंबरच्या जागेत
पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते
आणि पश्चिमेला, धान्याच्या उंच कोठारांमागे,
वीज आवाज न करता उघडमीट करत होती.

यशोधन आरव्ही मागे घेत होता,
मी मागे उभा राहून हात दाखवत होतो.
तो कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होता.
डेन्व्हरपासून आमचं बोलणं तीनदा झालं:
डिझेल, टोल, आणि चहा घेणार का.

बत्तीस वर्षं मी पाचोऱ्याच्या सबस्टेशनात
रात्रपाळीला मीटर वाचले,
तरी केबल काही त्यानं मला लावू दिली नाही.
'बाबा, इथलं वेगळं असतं.'
वेगळं काय? दोन गरम तारा, मधे न्यूट्रल, एक अर्थिंग.
नेब्रास्कात वीज काय इंग्रजीतून येते?

खांबाच्या सॉकेटला त्यानं पिवळा डबा जोडला.
सर्ज प्रोटेक्टर. तीनशे डॉलर, वरवंट्याएवढा जड.
डब्यावर आकडे उलटे धावू लागले,
एकशे छत्तीसपासून.
तेवढा वेळ तो आलेली वीज नुसती पारखतो,
आत एक दिवासुद्धा लागू देत नाही.
मला आवडला डबा.
मी लग्न ठरवताना एवढाही वेळ घेतला नव्हता.

हिरवा लागायचा तो लाल लागला.

कॅम्प सांभाळणारी अर्लीन स्लिपरवरच आली, कपाळाला टॉर्च,
'परत न्यूट्रल का?' म्हणाली.
मागच्या आठवड्यात ह्याच खांबावर
एका म्हाताऱ्या जोडप्याचा टीव्ही, मायक्रोवेव्ह, सगळं गेलं.
इलेक्ट्रिशियन 'झालं' म्हणून सांगून गेला होता.
त्यांच्याकडे डबा नव्हता.

मग मी यशोधनला समजावू लागलो,
एवढी एकच गोष्ट मला नीट समजावता येते:
न्यूट्रल तुटला ना, की दोन्ही बाजू
एकमेकींनाच लटकतात.
जिच्यावर भार जास्त, तिचा दाब पडतो, दिवे मिणमिणतात.
जिच्यावर काहीच नाही, एखादं घड्याळ, एखादा चार्जर,
तिचा दाब चढत जातो,
एकशेवीसचा एकशेनव्वद, दोनशे,
आणि ती जळते.
त्याला आभाळातली वीज लागत नाही.
घरातलीच पुरते.

तो केबल गुंडाळता गुंडाळता थांबला.
मी काय बोललो ते मलाही
तेव्हाच ऐकू आलं.

शालनला जाऊन चौदा महिने झाले.
मी म्हणायचो, 'अक्कल आहे का त्याला?'
आणि ती फोनवर सांगायची,
'बाबा विचारताहेत, वेळेवर जेवतोस ना.'
तिकडून तो काय म्हणायचा, देव जाणे.
माझ्यापर्यंत यायचं ते, 'बरा आहे, तुमची आठवण काढतो.'
हात लावला तर झटका बसत नाही,
म्हणून आम्ही दोघांनी
तिला तारांत कधी मोजलंच नाही.

अर्लीननं एकवीस नंबर दिला.
गाडी हलवली. वारा सुटला होता,
पहिले चार थेंब टपावर पडले, मोठे, वेगळे वेगळे.
ह्या वेळी केबल त्यानं माझ्या हातात दिली.
नुसती दिली.
मी पिना पुसल्या, डबा लावला, खटका वर केला.
एकशे छत्तीस.
आम्ही पायरीवर बसलो, अंधारात, आकड्यांकडे तोंड करून.

शंभर.
नव्वद.
मधेच एकदा सगळं मैदान पांढरं झालं
आणि आवाज यायला बराच वेळ लागला.
सत्याऐंशीला तो म्हणाला,
'आई शेवटी काही बोलली होती का? माझ्याबद्दल?'

मी सांगायला लागलो.
ह्या खेपेला गाळलं नाही, गोडही केलं नाही.
डबा हिरवा कधी झाला ते बघितलंच नाही,
आत फ्रिज गुरगुरला तेव्हा कळलं.

दूध मात्र तोवर नासलं होतं.
कोराच घेतला चहा.