मोरीचा विषय

महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळचे साडेसहा.
वेस्ट हार्लो, व्हरमॉन्ट. वस्ती नऊशे बारा.
परवानाधारक कुत्री दोनशे सहा, एकवीस बाकी,
त्यांच्या मालकांना पत्रं गेलीत.

पाचांतल्या तीन खुर्च्या भरल्या की गणपूर्ती.
ल्युसील ब्रुयेट हातोडा आपटत नाही, चष्म्याची डबी आपटते.
मी टोकाला, हीटरजवळ, वही उघडून.
माझं काम : ठरलं ते लिहायचं. बोललं ते नाही.

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
वडील चाळीसगावच्या नगरपालिकेत आवक-जावक सांभाळायचे
आणि घरीही तसंच बोलायचे,
"भाजी आणण्यात आलेली आहे."
आणली कुणी, ते वाक्यात कधी सापडायचं नाही.
इंग्रजीतही हे छान जमतं.

विषय एक : मागील इतिवृत्त कायम करणे.
ड्वाइट म्हणाला, पान दोनवर माझं आडनाव चुकलंय.
चुकलं होतं. दुरुस्तीसह कायम.
विषय दोन : रस्त्यावर टाकायचं मीठ, टनाला ब्याऐंशी डॉलर.
गेल्या हिवाळ्यात शहात्तर होतं. यावर पंधरा मिनिटं.
विषय तीन : दफनभूमीचं पुढच्या वर्षीचं गवत.
निविदा दोन, आडनाव एक,
सख्खे भाऊ, बोलत नाहीत,
बसलेत एकाच बाकावर, मधे कोटांचा ढीग.
धाकट्याची कमी. मंजूर.
थोरला ताडकन उठला,
पण त्याचा कोट तळाला होता.
विषय चार : कचरा डेपोचं कुलूप, एकेचाळीस डॉलर साठ सेंट.

शेवटी नेहमी लोकांचं म्हणणं, माणशी तीन मिनिटं.
लोक म्हणजे एमरी टॅप्लिन.
सॉमिल रोडची मोरी तुंबते. अकरा वर्षं तुंबते.
पत्र्याचं नळकांडं अठरा इंची, एमरी म्हणतो तीस हवं.
तो फोटो आणतो. फोटोत पाणी,
पाण्यात त्याचा स्वतःचा बूट, मापासाठी.
माझ्या भाषेत मोरी घरातही असते
आणि तीही तुंबते.
हे मी सभेला सांगितलेलं नाही,
विषयपत्रिकेवर तशी सोय नाही.

आज मात्र एमरीच विषयपत्रिकेवर.
विषय पाच : दफनभूमीतील जागेची विक्री,
प्लॉट एकशे बारा, अर्जदार टॅप्लिन,
चारशे डॉलर, चेक सोबत जोडला आहे.
ल्युसीलनं विचारलं, कुणाला काही प्रश्न?
हे मंडळाला विचारायचं असतं.
एमरी मागून म्हणाला,
"तिथं पाणी साचतं का?"

हीटर खडखडला.
रस्त्यांचं बघणारा कर्टिस हातातली टोपी फिरवत राहिला.
"उतार चांगलाय, एमरी. खाली वाळू आहे.
मीच खणतो ना, मला माहितेय."
"बरं," एमरी म्हणाला.
सूचक ड्वाइट, अनुमोदक नोरीन. विरोध कुणाचाच नाही.

तो बसला नाही.
"आता माझी तीन मिनिटं," म्हणाला,
आणि खिशातून फोटो काढले.

मी लिहिलं :
प्लॉट एकशे बाराची विक्री मंजूर करण्यात आली.
सॉमिल रोडवरील मोरीचा विषय
पुढील सभेपुढे ठेवण्यात आला.
सभा आठ वाजून चार मिनिटांनी संपली.

हीटर पंचावन्नवर. दिवे. कुलूप.
माझं घर सॉमिल रोडवर नाही, त्या बाजूलाही नाही.
गेले.
गाडीच्या उजेडात रस्त्यावर पाणी,
तीन बोटं, कदाचित चार.
उतरले, आणि मापायला हाताशी दुसरं काही नव्हतं
म्हणून बूट.