न निवडणाऱ्यांचा दर

सुनावणीचा तिसरा दिवस. बाहेर उणे एकतीस.
मी लघुलेखक.
बोललेलं टिपते, गिळलेलं सोडून देते.

सकाळभर कंपन्यांचे वकील:
घाऊक बाजार, जोखमीचा भार, ग्राहकाचं स्वातंत्र्य.
'स्वातंत्र्य' सतरा वेळा आलं.
माझ्या यंत्रावर त्याला एकच ठोका पडतो,
दुपारपर्यंत बोट आपणहून तिकडे वळू लागलं.

एकजण म्हणाला, काहीच न निवडणाऱ्यांचा दर
फार स्वस्त ठेवलात तर लोक सुस्तावतील,
मग निवडील कोण?
अध्यक्षांनी चष्मा पुसला.
ते टिपायची पद्धत नाही.

जेवणानंतर नेटी वोरोबेट्स उभी राहिली.
वय एक्क्याऐंशी. एडमंटनच्या पूर्वेला दोन तासांवर गाव,
पुतण्याच्या ट्रकमधून अंधारातच निघालेली.
काखेत बुटांचं खोकं,
खोक्यात दोन हिवाळ्यांची पाकिटं:
स्थिर दर, बदलता दर, वाऱ्याची वीज,
पहिले तीन महिने निम्म्यात,
किराण्याचं भेटकार्ड,
आणि मुदतीआधी सोडल्यास दंड,
मुंगीच्या पायांनी लिहिलेला.

"मला निवडता येतं," ती म्हणाली.
"नाताळच्या आदल्या दिवशी कुट्यासाठी गहू निवडते,
साठ वर्षं झाली.
खडा कुठला ते बोटांना कळतं, दिवा नसला तरी.
तुमच्या कागदांत खडाही गव्हासारखाच टपोरा.
दाताखाली येतो तेव्हा कळतो.
जानेवारीत."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

एका वकिलाने अदबीने विचारलं,
बाईंनी इंटरनेटवर दरांची तुलना करून पाहिली का?
"पाहिली. त्याला मीटरचा नंबर लागतो.
मीटर बर्फाखाली होता.
मी फावड्याने उकरला, नंबर हातावर लिहून आणला,
तोवर दर बदलला होता."

मग ती थांबली. मी बोटं वर धरून बसले.

"माझा बाप गाय घ्यायला जायचा," ती म्हणाली,
"किंमत पटली नाही की पाठ फिरवायचा.
चार पावलांत मागून हाक यायची.
मी पाठ कुठे फिरवू?
भट्टीचा पंखा, विहिरीचा पंप,
मायरॉनचं ऑक्सिजनचं यंत्र, रात्रभर घुं घुं करणारं,
ही तीन बंद करता येत नाहीत.
बाकीचं बंदच असतं.
तुमच्या दुकानाला बाहेर पडायची पायरीच नाही, साहेब.
मी दुकानातच राहते."

अध्यक्षांनी विचारलं, मग किती दर योग्य वाटतो?

"आकडा तुम्ही काढा, तुम्हाला त्याचा पगार आहे.
ज्याने काही केलं नाही
त्याला त्याची शिक्षा होऊ नये,
तेवढ्यात बसेल असा काढा."

खोक्याचं झाकण लागेना.
पुतण्याने रबर लावून दिलं.

निर्णय मे महिन्यात आला, एकशे चाळीस पानांचा.
न निवडणाऱ्यांचा दर थोडा उतरला,
दोन वर्षांसाठी बांधला गेला,
का ते नव्वद पानांत सांगितलेलं.
नेटी सापडली एका तळटीपेत:
'एका ग्रामीण ग्राहकाने गुंतागुंतीबद्दल चिंता व्यक्त केली.'
गहू नाही. गाय नाही.
माझ्या प्रतीत मात्र आहेत,
पान तीनशे बारा, ओळ चौदापासून पुढे,
कुणी मागवली तर.

त्या रात्री मात्र मी घरी आले,
बूट काढले, फ्रिजसमोर उभी राहिले.
दारावर चुंबकाखाली माझीच पाच पाकिटं,
सप्टेंबरपासून न फोडलेली.
मी, जी दिवसभर हेच ऐकते,
आणि त्याबद्दल तासावर पैसे घेते.

एक फोडलं. उभ्यानेच दोन पानं वाचली.
मग तळघरात भट्टी धडधडत सुरू झाली,
कुणालाही न विचारता,
आणि मी कागद खाली ठेवून
झरोक्यावर पाय शेकत राहिले.