धुराचा पंचनामा

अर्ज निनावी होता. आखीव कागद, निळी शाई,
प्रत्येक ‘ध’ची गाठ नीट बांधलेली.
बारसेनगर, गल्ली तीन. दुपारी चारनंतर लाकडं जळतात.
श्वास घेता येत नाही.
अर्जदाराचं नाव कुणाला कळू देऊ नये.

मी गेलो. डिसेंबरचा गारठा उतरू लागलेला.
हातात महापालिकेचं मीटर, खिशात पावतीपुस्तक:
पहिल्या खेपेला पाचशे, दुसऱ्यांदा हजार,
तिसऱ्यांदा चूल जप्त.
(जप्त कशी करायची, ते परिपत्रकात नाही.
मातीची असते. उचलली की फुटते.)

पंचफुलाबाई गजभियेंनी मान वर केली नाही.
सैल कणीक त्यांच्या हातांवर झुलत होती,
बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत,
वाळत घातलेल्या मलमलीसारखी,
आणि एका झटक्यात उपड्या मडक्यावर.
फुगली. फोड आले. तांबूस डाग पडले.
मी दुपारी डबा खाल्ला होता, तरी तोंडाला पाणी सुटलं.
‘किती देऊ?’
‘रोट्या नकोत, बाई. तक्रार आहे.’

‘धुपटाची ना? बाप्पा, माहीबी तक्रारच हाये.
वीस वर्सं झाली, डोये कोयडे म्हून नाई रायले.
पन गॅसवर मडकं मधातच तापते, काठ कच्चेच रायते.
आन् धंद्याचा सिलिंडर घेऊन
रोटी कितीले विकू, तुम्हीच सांगा.
हे लकडगंजच्या आरागिरनीतले तुकडे.
सागाचे हायेत. लोक फेकून देते.’
मग उत्तरेकडे हात केला,
जिकडे मोकळ्या रात्री
कोराडीच्या चिमण्यांचे लाल दिवे दिसतात.
आज तेही दिसत नव्हते.
‘त्यांची पावती कोन फाडते?’

माझं पुस्तक लहान आहे. मी मीटर चालू केलं.
चुलीपासून दोन हातांवर: चारशे बारा.
दारात: दोनशे साठ.
माळ्यावर, शिडी चढून, जिथे एक पाट,
कंपासपेटी, दहावीचं भूमितीचं पुस्तक
आणि निळा इनहेलर ओळीनं मांडलेले: पाचशे सहा.
धूर वरच जातो. हे मला नियम न वाचताही ठाऊक होतं.

‘नळकांडं बसवा पत्र्याचं, छपराबाहेर काढा.’
‘बसवलं होतं. वरच्या मजल्यावर
ढोक्यांच्या बाळाच्या पाळण्यात जाऊ लागलं,
काढून टाकलं.’

जबाब घ्यावा लागतो. बाईंना अंगठ्यापलीकडे येत नाही.
पोरीला हाक मारली. आम्रपाली.
ती पाटावर वाकून लिहू लागली, आई सांगत गेली:
माझा हाच धंदा आहे. दुसरं येत नाही.
याच रोट्यांवर मुलीची फी भरली.
धूर होतो, हे मला मान्य आहे.

निळी शाई.
‘धंदा’तला ध. ‘धूर’मधला ध. गाठ नीट बांधलेली.

मी वाचत राहिलो, वाचून झाल्यावरही.
पोरीनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
मध्येच खोकला आला तिला. तोंडावर ओढणी धरली.
आई म्हणाली, ‘थंडीचं हाये ते,’
आणि आच थोडी मागे ओढली,
एक लाकूड बाहेर काढून राखेत दाबलं.
त्यानं जास्तच धूर झाला.

अर्ज माझ्या फाइलमध्ये होता, जबाबाच्या अगदी वर.
मी फाइल मिटली. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
चार रोट्या घेतल्या, पैसे दिले. बाई घेत नव्हत्या.
‘साहेबाचे कसे घ्यावं?’
‘गिऱ्हाइकाचे घ्या.’

गोळीबार चौकात स्कूटर थांबवून
दिव्याखाली शेवटचा रकाना भरला.
केलेली कारवाई: समज दिली.
कोणाला दिली, असा रकाना नाही.

घरी बायकोनं शर्ट हुंगला, बादलीत टाकला.
रोट्या मात्र ताटात वाढल्या,
वांग्याच्या भाजीबरोबर.
गरम नव्हत्या, तरी मऊ होत्या,
आणि प्रत्येक घासाला
थोडा सागाचा वास होता.