परीक्षेला येणारा पक्षी

पुस्तकातलं त्याचं पान उंदरांनी खाल्लंय,
म्हणून बाबाला विचारते:
काळं डोकं, लांब शेपूट, गवतात राहतो, तो कोण?
नेमेसिओ मिशाहा वल्हं थांबवत नाही.
"आधी कुठे बसलाय ते बघ.
रंग शेवटी. रंग उन्हात खोटं बोलतात."

ही आमची कोचा. पूर्वी नदीच होती.
पणजोबांच्या काळात ताम्बोपाताने हे वळण टाकलं,
भावाने भावाशी बोलणं टाकावं तसं.
तेव्हापासून पाणी इथेच थांबलंय, चहाच्या रंगाचं;
काठाला छातीएवढं गवत,
आणि त्यावर होअत्झिन, दिवसभर धापा टाकत.

कुठे बसलाय?
पाण्यावर झुकलेल्या काडीवर. उंच झाडावर नाही, चिखलातही नाही.
आता रंग लिही, म्हणतो बाबा.
डोकं काळं, डोळा पिवळाजर्द.
पाठ भाजलेल्या कोकोची.
पोट उकडलेल्या युकावर तेल सांडल्यासारखं.
कुशीवर बारीक रेघा, त्या होडी अगदी जवळ गेल्यावर दिसतात,
आणि तो जवळ येऊ देतो.
उलट तोच मान काढून आपल्याला ओळखून घेतो.

लिमाच्या बाई वर्गात सांगत होत्या,
डोनाकोबियसला शास्त्रज्ञांनी आधी नकल्या पक्ष्यांच्या घरात ठेवलं,
मग रेन पक्ष्यांच्या पंगतीत बसवलं,
तिथूनही उठवलं.
आता म्हणतात, याचं घराणंच वेगळं, आणि त्यात हा एकटा.
बाबा हसला.
त्याच्या आजोबांना नाव पाद्र्याने दिलं होतं,
आडनाव रबरवाल्याने.
"पक्ष्याने काही सही-बिही केली का?"

मग ते सुरू झालं.
खालच्या काडीवर मादी, तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी चरचरत;
वरच्या काडीवर नर,
वोइत, वोइत, वोइत,
गळ्याच्या बाजूची पिवळी कातडी फुगवून.
दोघांच्या शेपट्या डावीकडे, उजवीकडे,
टोकांचं पांढरं उघडत, मिटत.
दोन आवाज इतके एकात एक
की न बघणारा एकच पक्षी मोजेल.

बाबाने कान दिला.
"आज एकटीच आहे," म्हणाला. "नर गेलेला दिसतोय."

नर त्याच्या समोर होता. चार हातांवर.

एकोणीस वर्षं पेके-पेकेच्या इंजिनाशेजारी बसलाय बाबा,
पाम फळं, सिमेंट, कोंबड्या, मतपेट्या पोचवत.
चरचर अजून पोचते त्याच्यापर्यंत.
शिट्टी नाही.
कधीपासून, ते मला माहीत नाही.
त्यालाही नसावं.

मी काही बोलले नाही.
होडीच्या काठावर बोटाने ठोके दिले,
एका शिट्टीला एक.
लाकूड ओलं होतं, आवाज बसका.
पण बाबाचा तळहात काठावरच होता.
तो हाताकडे बघत राहिला, मग गवताकडे,
मग वरच्या काडीकडे.
"वेळ चुकत नाही लेकाचा,"
एवढंच.

तेवढ्यात तिसरा आला, चोचीत नाकतोडा घेऊन,
आणि पाण्यावरच्या घरट्यात वाकला.
तो यांचाच, गेल्या वर्षीचा.
हा प्रश्न परीक्षेत नक्की येतो:
पिल्लं मोठी झाल्यावर काय करतात?
उत्तर: काही जातात. काही वर्षभर थांबतात,
आईबापाच्या नव्या पिल्लांना भरवतात.
पाच गुण.

परतताना बाबा विचारतो, निकाल कधी?
शुक्रवारी, मी सांगते.
इंजिन सुरू आहे.
शुक्रवारी, मी पुन्हा सांगते,
त्याच्या उजव्या बाजूला सरकून.